आरेखन-मुद्रण, प्रमाणबद्ध

संगणकीय फाइलमधील अभियांत्रिकी आरेखन ठरलेल्या प्रमाणात कागदावर उतरवण्याची क्रिया. कॅड प्रणालीत वस्तू सहसा खऱ्या मापात आखतात. प्रमाण ठरते ते कागदावर मांडताना. १:१०० प्रमाणात ५ मीटरची भिंत ५० मिमी येते. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडला गेला आणि आकार ९७ टक्के झाला, तर ती ४८.५ मिमी भरते; मोजपट्टी लावणाऱ्याला भिंत १५ सेंमी आखूड वाटते. कागदावर मात्र १:१०० तसेच छापलेले राहते, आणि हाच खरा धोका. म्हणून ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के हाच पर्याय निवडावा.

ए१ (५९४×८४१ मिमी) आरेखन ए३वर छापल्यास लांबी निम्मी होते, म्हणजे १:१००चे १:२०० होते. आरेखनावर रेखांकित मोजपट्टी असणे त्यामुळे अत्यावश्यक. कागदाबरोबर तीही लहानमोठी होते. जुन्या ब्लू प्रिंट आणि अमोनिया प्रिंटमध्ये ट्रेसिंग थेट संवेदनशील कागदावर ठेवत, त्यामुळे माप जवळपास कायम राहत असे. छापील प्रतीवरील एक ज्ञात माप दोन्ही दिशांनी पट्टीने तपासावे. बांधकामासाठी लिहिलेले मापच ग्राह्य धरतात, कागदावर मोजलेले नव्हे.