‘वय झालं, चालायचंच’ हे कधीपर्यंत म्हणायचं?



आमच्या गटात एक आजी आहेत. कोणाचा हप्ता आला, कोणाचं व्याज राहिलं, हे त्या वही न उघडता सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या एकच गोष्ट तीनतीनदा विचारू लागल्या. एकदा बैठकीहून घरी जाताना वाट चुकल्या. आम्ही सगळ्या म्हणालो, "वय झालं, चालायचंच." पुढे एका शिबिरात त्यांचा बीपी मोजला, तर वरचा आकडा 190 होता. तो किती वर्षं तसा होता, हे कोणालाच सांगता येईना. कारण कधी मोजलाच नव्हता.

हे ‘चालायचंच’ फक्त आपणच म्हणतो असं नाही. एके काळी मोठमोठे डॉक्टरही हेच म्हणायचे. ते म्हणणं कसं बदलत गेलं, ते आज सांगतो.

दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायची सोय झाली 1896 साली. इटलीतल्या तुरीन शहरातल्या रिवा-रोची या डॉक्टरांनी पारा भरलेली नळी घेतली आणि तिला सायकलच्या ट्यूबचा पट्टा जोडला. त्याने फक्त वरचा आकडा कळायचा. 1905 साली कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरांनी पट्ट्याखाली नळी लावून नाडीचा आवाज ऐकला. तेव्हापासून खालचा आकडाही कळू लागला.

आकडा कळला, पण त्याचं काय करायचं ते कळेना. वयाबरोबर नसा कडक होतात, मग रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच, असं बरेच डॉक्टर मानायचे. वयात 100 मिळवा, तेवढा बीपी ठीक, असा हिशोबही चालायचा. आजही कोणीतरी तो सांगताना ऐकू येतो.

या समजुतीतून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षही सुटले नाहीत. रुझवेल्ट यांचा बीपी वर्षानुवर्षं चढत होता. 1944 साली तो 186/108 होता. हाताशी चांगलं औषधही नव्हतं. 12 एप्रिल 1945 रोजी त्यांचं डोकं भयंकर दुखू लागलं. तेव्हा बीपी 300 च्या घरात होता. मेंदूत रक्तस्राव होऊन ते त्याच दिवशी गेले. वय होतं 63.

औषधाच्या शोधात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रुग्णांना सर्पगंधेचं औषध देऊन बीपी किती उतरतो ते नीट नोंदवलं. 1949 साली ते इंग्लंडच्या मासिकात छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. पण मैत्रिणींनो, म्हणून घरी सर्पगंधेचा काढा करून पिऊ नका. त्याने मन फार खचतं. आता त्याहून चांगल्या गोळ्या आहेत.

बीपीचा स्मरणशक्तीशी संबंध मात्र उशिरा कळला. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 1948 साली 5,209 लोकांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. 1993 साली असं दिसलं, की ज्यांचा बीपी उपचाराविना वाढलेला राहिला होता, ते बारा-चौदा वर्षांनंतर स्मरणशक्तीच्या चाचणीत मागे पडले.

असं का होतं? आपल्या ठिबकचंच बघा. मोटरीचा दाब सतत जास्त राहिला तर बारीक नळ्या आधी खराब होतात. कुठे फुटतात, कुठे बंद पडतात, आणि तिथलं रोप सुकतं. मेंदूतल्या नसा त्याहूनही बारीक असतात. त्या हळूहळू खराब होतात तेव्हा दुखत नाही, खुपत नाही. माणूस फक्त विसरू लागतो.

मग बीपी ताब्यात ठेवला तर विसरणं टळतं का? याचं मोठं उत्तर खेड्यांतूनच आलं. चीनमधल्या 326 गावांत बीपी वाढलेल्या सुमारे 34 हजार लोकांना घेऊन चार वर्षं काम झालं. त्यातही बायकाच जास्त होत्या. निम्म्या गावांत गावच्याच आरोग्यसेवकांनी बीपी मोजला, गोळ्या ठरवून दिल्या, त्या रोज घेतल्या जातात का ते पाहिलं. 2025 साली निकाल छापून आला. बाकीच्या गावांत जिथे 100 जणांना स्मृतिभ्रंश झाला, तिथे या गावांत साधारण 85 जणांना झाला. सगळ्यांचा टळला नाही, कारण त्याला इतर कारणंही असतात. पण हे 15 जण वाचले ते गावातल्या माणसांच्या नियमित कामामुळे.

आपल्याकडेही 2017 साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तपासणी उपकेंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, अर्धा तास आधी चहा किंवा मशेरी नको. 140/90 किंवा जास्त आला तर पुन्हा मोजून डॉक्टरांना भेटा. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करू नका, शेजारणीची गोळी घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाला गोळीने उठताना चक्कर येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आमच्या आजींना आता रोजची गोळी चालू आहे. बीपी उतरलाय. गेलेली आठवण सगळी परत आली नाही, ते आम्ही मान्य केलंय. त्यांच्या सुनेचं वय बेचाळीस. तिचा बीपी आम्ही त्याच आठवड्यात मोजून घेतला, तोही वाढलेला निघाला. आता आमच्या बैठकीच्या वहीत हप्त्याशेजारी बीपीचा एक रकाना आहे. तुमच्याही वहीत या महिन्यापासून तो आखा, आणि पहिलं नाव सासूबाईंचं किंवा आईचं लिहा.