बेने इस्राएल आडनावे व वंशशोध

बेने इस्राएल आडनावे व वंशशोध : बेने इस्राएल हा कोकणातील मराठीभाषक ज्यू समाज. त्याची बहुसंख्य आडनावे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांवरून पडली आहेत. पेणकर, रोहेकर, नागावकर, चेऊलकर, झिराडकर, घोसाळकर, तळकर, अष्टमकर, वाकरुळकर ही त्यांतली परिचित नावे. अशी ग्रामवाचक आडनावे शंभराहून अधिक आहेत. इतर अनेक ज्यू समाजांत आडनावावरून व्यवसाय, पूर्वजाचे नाव, पुरोहित-परंपरा किंवा ठिकाण यांपैकी काहीही कळू शकते, इथे मात्र बहुधा थेट गावाचा पत्ता मिळतो. त्यामुळे या समाजाचा वंशशोध सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो तसा नाही, कारण आडनावातले गाव हे मूळ गाव असतेच असे नाही.

समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांचे दफन तिथेच झाले, असे मानतात. पुढे हे लोक कोकणातल्या गावोगावी पांगले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. धर्मग्रंथ हरवले असले तरी सुंता, शब्बाथ आणि ‘शेमा’ ही प्रार्थना टिकून होती. पुढे डेव्हिड राहाबी नावाच्या एका ज्यू गृहस्थाने त्यांना ओळखले, धर्माचे शिक्षण दिले आणि तीन घराण्यांतून काझी नेमले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही ती घराणी. राहाबी अकराव्या शतकाच्या सुमाराचा, की अठराव्या शतकातला कोचीनचा व्यापारी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. वंशशोधकाच्या दृष्टीने इथे महत्त्वाचे एवढेच, की समाजाच्या स्मृतीत नोंदली गेलेली ही पहिली तीन आडनावे गावांचीच आहेत. झिराड अलिबागजवळ आहे, राजपुरी मुरूड-जंजिऱ्याजवळ. काझीपद वंशपरंपरेने चाले आणि काही घराण्यांकडे राज्यकर्त्यांच्या सनदाही होत्या. त्यामुळे इतरांपेक्षा या घराण्यांची वंशावळ बरीच मागे नेता येते.

गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी ओळखत नाही. पेणमध्ये सगळेच पेणकर. ‘-कर’ची गरज पडते ती गाव सोडल्यावर. बेने इस्राएलांच्या बाबतीत ते गाव सोडणे अठराव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईकडे सुरू झाले. दिवेकर घराणे १७४६ मध्ये मुंबईत आल्याचे परंपरा सांगते आणि तेच पहिले मानले जाते. म्हणून एखादे घराणे ‘रोहेकर’ असेल, तर मुंबईला निघण्यापूर्वीचा त्याचा मुक्काम रोह्याला होता, इतकेच खात्रीने म्हणता येते. त्याआधीच्या दोन-तीन पिढ्या घाणा घेऊन कुठून कुठे गेल्या, हे आडनावावरून कळत नाही. एकाच गावातून निघालेल्या, एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेल्या दोन कुटुंबांनाही एकच आडनाव मिळालेले असू शकते. दोन पेणकर भेटले की ते भाऊबंदच, असे धरून काढलेली वंशावळ पहिल्याच फांदीवर चुकते.

गाव ओळखण्यातही अडचणी आहेत. काही नावे उच्चारात घासून बदलली आहेत : अष्टमीचे अष्टमकर झाले, चौलचे चेऊलकर आणि तळ्याचे तळकर. किहीमचे केहिमकर असे लिहिले जाते. दिवे नावाची गावे कोकणात एकाहून अधिक आहेत, त्यामुळे ‘दिवेकर’ नेमके कुठले हे केवळ नावावरून ठरत नाही. शिवाय ही आडनावे एकट्या ज्यूंची नाहीत. दिवेकर, पेणकर, नागावकर हिंदूंतही भरपूर आहेत. गाव एक, म्हणून आडनाव एक. जुन्या महसुली किंवा नगरपालिकेच्या कागदात नुसते ‘पेणकर’ सापडले, तर सोबतच्या नावाकडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सोबतचे नावही चकवते. मुंबईतील पहिले सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ), शाआर हारहमीम, १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युअल इझेकिएल दिवेकर समाजात समाजी हसाजी या नावाने ओळखले जात. सॅम्युअलचे समाजी, इझेकिएलचे हसाजी. त्यांचे बंधू आयझॅक, म्हणजे इसाजी. दोघे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर समाजींनी हे सिनेगॉग बांधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. मशीद बंदर स्थानकाला त्यावरूनच नाव पडले असे सांगतात, तर मांडवीतील सॅम्युअल स्ट्रीट समाजींच्या नावाने आहे. एलायजाचा एलोजी, मोझेसचा मुसाजी, अब्राहमचा अबाजी ही रूपेही याच वळणाची. ‘बाजी’, ‘शहाजी’ यांच्या पंगतीत ती इतकी बेमालूम बसतात, की मोडी कागद वाचणारा सहज पुढे सरकतो. स्त्रियांच्या बाबतीत तर मराठी वळणाच्या नावांवरून धर्म ओळखणे बहुधा शक्यच होत नाही.

एकोणिसाव्या शतकात वारे उलट फिरले. १८३२ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनऱ्यांच्या शाळांतून बायबलमधली नावे मूळ रूपात परत आली. ‘समाजी’चे पुन्हा ‘सॅम्युअल’ झाले. त्याच सुमारास शाळेच्या पटावर, पलटणीच्या दप्तरात आणि रेल्वे-पोस्टाच्या नोंदींत वडिलांचे नाव आडनावाच्या जागी बसू लागले आणि गावाचे नाव मागे पडले. मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलायजा मोझेस मूळचे राजपूरकर, पण त्यांच्या नावाच्या रस्त्याच्या पाटीवर ‘डॉ. ई. मोझेस’ एवढेच आहे. चित्रपट अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पण पडद्यावर नुसतेच ‘डेव्हिड’. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांच्या घराण्याने गाव ठेवले आणि ‘-कर’ सोडला.

या प्रथेचा परिणाम तिसऱ्या पिढीत दिसतो. समजा, सॅम्युअलला अब्राहम आणि बेंजामिन असे दोन मुलगे. दोघे ‘सॅम्युअल’ लावतात. त्यांची मुले मात्र एकीकडे ‘अब्राहम’ आणि दुसरीकडे ‘बेंजामिन’. सख्ख्या चुलत भावंडांची आडनावे वेगळी होतात, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या शंभर कुटुंबांचे आडनाव ‘अब्राहम’ होते. अनेक घराण्यांत नातवाला आजोबांचे नाव ठेवत, त्यामुळे अब्राहम सॅम्युअल, सॅम्युअल अब्राहम, पुन्हा अब्राहम सॅम्युअल अशी आलटून-पालटून माळ लागते. या गुंत्यात गावाचे जुने आडनाव हाच एक खुंटा उरतो. ज्या घरात ते फक्त आजीच्या तोंडी राहिले आहे, तिथे ते तिच्याबरोबर जाते.

हा गोंधळ मुंबईबाहेरही दिसतो. कराचीतील मागेन शालोम हे सिनेगॉग १८९३ चे. ते कोणी बांधले याविषयी दोन हकिकती मिळतात. एकीत शलोम सॉलोमन उमरडेकर व त्यांचे पुत्र गेर्शोन सॉलोमन, तर दुसरीत कराची नगरपालिकेतील सर्व्हेयर सॉलोमन डेव्हिड. ग्रामनाम, वडिलांचे नाव आणि स्वतःचे नाव यांपैकी कोणते कुठे लिहायचे याचा नियम नसला की काय होते, याचे हे बोलके उदाहरण. ती इमारत १९८८ मध्ये पाडली गेली. या उमरडेकरांवरून वाचकाला नागपूरजवळचे उमरेड आठवेल. केवळ ध्वनिसाम्यावर तिकडे वळू नये. विदर्भात काटोलकर, नागपुरे, रामटेके अशी गावाची आडनावे भरपूर आहेत, पण बेने इस्राएल आडनावाचे गाव आधी कोकणातच, कुंडलिका आणि पाताळगंगा या नद्यांच्या आसपास शोधायचे असते.

वंशशोधाची साधने कमी नाहीत, फक्त ती विखुरलेली आहेत. सर्वांत भरवशाचा कागद केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा. त्यात वधू-वर आणि दोघांचे वडील यांची हिब्रू नावे, गाव आणि तारीख असते. नावामागे ‘बेन’ असेल तर मुलगा, ‘बत’ असेल तर मुलगी. दुसरे साधन दफनभूमी. अलिबाग, पनवेल, पेण, रेवदंडा, ठाणे, पुणे आणि मुंबईत वरळी येथील थडग्यांच्या शिळांवर हिब्रू, मराठी व इंग्रजी असे तिन्ही मजकूर आढळतात, आणि तिन्हींतले नाव सारखे असेलच असे नाही. मराठीत ग्रामनाम, इंग्रजीत वडिलांचे नाव, हिब्रूत फक्त पितापुत्र. म्हणून शिळेचे छायाचित्र घेताना एक बाजू घेऊन भागत नाही. हिब्रू वर्ष अक्षरांत कोरलेले असते : ताव ४००, रेश २००, हेथ ८, म्हणजे ६०८. पाच हजार गृहीत धरायचे, ते झाले ५६०८. त्यातून ३७६० वजा केले की १८४८ येते. मात्र नवे हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते, म्हणून तिथपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ३७६१ वजा करावे लागतात. घरच्या आठवणींतल्या तारखा वेगळ्याच भाषेत असतात. ‘दर्फळणीच्या सणाला’ म्हणजे योम किप्पूरला, ‘नव्याच्या सणाला’ म्हणजे हिब्रू नववर्षाला, ‘बिरड्याच्या सणाला’ म्हणजे आव महिन्याच्या नवमीच्या उपवासाला. हे शब्द माहीत असले तर आजीच्या बोलण्यातून महिना काढता येतो.

सिनेगॉगांच्या वह्यांत मुकादम (प्रमुख), गबाई (खजिनदार), हझ्झान (प्रार्थना चालवणारा), शमाश (सेवक) अशा पदांसह देणगीदारांची नावे मिळतात. छापील ग्रंथही उपयोगी पडतात. १८७४ ची पुण्यात छापलेली मराठी-हिब्रू हगादा (वल्हांडण सणाची पोथी) मोझेस जेकब तळकर व आरन डेव्हिड तळकर यांनी सिद्ध केली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तीन पदरी नाव पूर्ण छापण्याची ही सवय आज वंशशोधकाच्या पथ्यावर पडते. या विषयाचा पाया हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या इतिहासाने घातला. तो त्यांनी १८९७ मध्ये लिहिला, पण त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. परंपरा आणि पुरावा यांत केहिमकर नेहमी भेद करत नाहीत. नवगावचे गलबत ते इ.स.पू. १७५ च्या सुमारास नेतात, त्याला आधार नाही. आडनावे, गावे आणि घराणी यांबाबत मात्र ते आतल्या माणसाच्या खात्रीने लिहितात, आणि तो भाग अजून मागे पडलेला नाही.

दप्तर शोधताना जिल्ह्याचे जुने नाव लक्षात ठेवावे लागते. रायगड हे नाव १९८१ चे, त्याआधीचे कागद कुलाब्यात. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन हा प्रदेश १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, आणि पनवेल १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात. इस्राएलमध्ये गेलेल्या शाखा शोधताना लिपी आडवी येते. हिब्रूत ‘ळ’ नाही, स्वर बहुधा लिहिले जात नाहीत, आणि तिथून इंग्रजीत आलेले नाव पुन्हा वेगळ्याच स्पेलिंगने उतरते. इंग्रजी कागदांत शेवटचा ‘-कर’ सुद्धा दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. लोद, रमला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथे वसलेल्या अनेकांनी ग्रामनाम कायमचे सोडले. काहींनी मात्र तिथे गेल्यावरच ते पुन्हा लावले.

वंशाचा प्रश्न या समाजासाठी हौसेचा राहिला नाही तो १९६२ मध्ये. इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएल उमेदवारांच्या लग्नाआधी आई, आजी, पणजी असे शक्य तितके मागे जाऊन मूळ तपासण्याचा आदेश काढला. ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून येतो, म्हणून ही तपासणी आईकडची. ती कोणत्या कागदावर करायची? केतुबात वडील, पलटणीच्या दप्तरात वडील, शाळेच्या पटावर वडील, आडनावात वडिलांचे गाव. समाजाची सारी नोंदवही पितृवंशाची आणि विचारलेला प्रश्न मातृवंशाचा. या आदेशाविरुद्ध जेरुसलेममध्ये धरणे झाले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. आदेशातून समाजाचे नाव वगळण्यात आले. तो आदेश अन्याय्य होता याविषयी आज फारसे दुमत नाही. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा असा दुहेरी अंश आढळला, आणि हा संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा असल्याचा अंदाज मांडला गेला. हा निष्कर्ष समाजाबद्दलचा आहे, एखाद्या घराण्याबद्दलचा नाही. पेणकर की रोहेकर, हे कोणतीही चाचणी सांगत नाही.

मुंबई-पुण्यातील बगदादी ज्यूंना, म्हणजे ससून, कदूरी, गब्बे इत्यादींना, हे सारे लागू होत नाही. त्यांची आडनावे इराककडची आणि कागद व्यापारी पेढ्यांचे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा राज्यात उरलेला ज्यू समाज काही हजारांचा होता.

ज्यांच्या घरी हा शोध अजून सुरू व्हायचा आहे, त्यांनी दप्तरखान्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीकडे जावे आणि तिचे माहेरचे ‘-कर’ विचारून घ्यावे, मग तिच्या आईचे, आणि आठवत असेल तर आजीचेही.