नळीतली काजळी

1857 च्या उठावाची हकिगत शालेय पुस्तकापासून कादंबरीपर्यंत सगळीकडे काडतुसाच्या चरबीपाशी येऊन थांबते. चरबी गाईची होती की डुकराची, बातमी खरी होती की अफवा, सरकारने मुद्दाम केले की गाफीलपणाने झाले, यावर पुष्कळ शाई सांडली आहे. मुळात काडतुसाला चरबी लावायचीच कशाला, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. लष्करी कागदपत्रांत त्याचे उत्तर आहे. पण ते उत्तर हातांना ठाऊक असलेली माणसे आज भेटतात ती काळ्या दारूच्या नव्या, प्रतिकृती बंदुका बाळगणाऱ्या नेमबाजांत. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांना या प्रतिकृतींचे कौतुक नसते. त्यांच्या लेखी ती हौशी लोकांची खेळणी. माझे म्हणणे असे की बंदुकीच्या इतिहासातला एक मोठा भाग, म्हणजे तिची रोजची निगा, अस्सल वस्तूत नव्हे तर या खेळण्यांतच टिकून राहिला. आणि तो भाग हाताशी नसला तर काही ऐतिहासिक घटना अर्ध्याच कळतात.

काळी दारू म्हणजे साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. ती पेटली की सगळीच हवेत जात नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी 1870 च्या दशकात बंद भांड्यात दारू जाळून मोजमाप केले, तेव्हा वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो असे दिसले. बार झाल्यावर उठणारा पांढरा धूर त्याचाच, आणि नळीच्या आत बसणारी काजळीही त्याचीच. आता 1853 च्या एन्फील्ड रायफलीकडे पाहा. नळीचा आतला व्यास .577 इंच, म्हणजे 14.66 मिलिमीटर, सुरुवातीची गोळी .568 इंच, म्हणजे 14.43 मिलिमीटर. गोळी तोंडाकडून आत सारायची आणि बार होताच तिचे पोकळ बूड फुगून नळीतल्या पिळाच्या खाचांत बसायचे, अशी योजना. मधली फट पाव मिलिमीटरचीही नाही. दहा-पंधरा बार झाले की काजळी ती फट भरून काढते आणि गोळी अर्ध्या वाटेत अडकते. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला ओशट लेप: नवी गोळी आत जाताना मागच्या बाराची काजळी मऊ करत जाते. दात लावायचा तो काडतुसाच्या दारूकडच्या टोकाला आणि लेप गोळीकडच्या टोकाला, हे खरे. पण वितळणारी चरबी टोके पाहून थांबत नाही आणि बोटांना तर ती लागायचीच.

जानेवारी 1857 च्या अखेरीस सरकारने शिपायांना आपल्या पसंतीचे तेल-मेण लावण्याची मुभा दिली. पण संशय कागदाच्या चकाकीवरही गेला. पुढची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. उठाव मोडून काढताना इंग्रज पलटणींच्या हातांतही याच रायफली होत्या, आणि हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात चरबी वितळून निघून गेल्यावर गोळ्या नळीत अडकू लागल्या. शेवटी गोळीचा व्यास .55 इंचांवर आणला, चरबीची जागा मधमाशीच्या मेणाने घेतली. म्हणजे जे काडतूस धर्माच्या कारणाने नको झाले, ते इथल्या हवेतही नालायकच ठरले होते. मेणावर आधी भागले असते का, हा तर्क मी लढवणार नाही. पण लेप हा बंदुकीच्या निगेचा भाग होता हे ध्यानात ठेवले, तर अधिकाऱ्यांना तो एवढा किरकोळ का वाटला असेल याचा अंदाज येतो.

प्रतिकृतींचा धंदा सुरू झाला तो अमेरिकेच्या मागणीवर. ठासणीच्या रायफलींच्या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना तिथे 1933 मध्येच स्थापन झाली होती. सभासद पणजोबांच्या काळच्या अस्सल बंदुका चालवत. त्या झिजत आणि महागही होत चालल्या. टेनेसीतल्या टर्नर कर्कलंड यांनी 1950 च्या दशकात बेल्जियममध्ये नव्या रायफली करवून घेतल्या. त्याच दशकाच्या अखेरीस व्हॅल फोर्जेट यांनी उत्तर इटलीतल्या गार्डोने गावच्या कारागिरांकडून 1851 च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची नक्कल बनवून घेतली. गार्डोने हे बंदुकांचेच गाव. बेरेटा घराण्याने व्हेनिसच्या शस्त्रागाराला नळ्या पुरवल्याची नोंद 1526 ची आहे. पाठोपाठ 1961 ते 1965 या काळात अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी आली आणि मागणीला उधाण आले. 1970 च्या दशकात बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने जुनी सरकारी मापे समोर ठेवून एन्फील्डच पुन्हा बनवली.

अशी बंदूक घेणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो मैदानावरून घरी आल्यावर. काजळीत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. दमट हवेत एका रात्रीत नळीला तांबूस गंज धरतो. म्हणून त्याच दिवशी चापाची पेटी सोडवायची, टोपी बसते ती बोंडी काढायची, नळीत गरम पाणी ओतायचे आणि गजाला चिंधी गुंडाळून वर-खाली करायचे. पहिले पाणी डांबरासारखे काळे निघते आणि कुजक्या अंड्यांचा वास घरभर होतो, तो गंधकाचा. चिंधी पांढरी निघेपर्यंत हे चालते. मग नळी कोरडी करून तेलाचा हात. बोंडीच्या आट्यांत चिमूटभर काजळी राहिली तर पुढच्या खेपेला ती निघत नाही. लेपासाठी मेण, चरबी, तेल यांची प्रमाणे हे लोक ऋतूप्रमाणे बदलतात; 1857 नंतर लष्करही त्याच वाटेने गेले होते.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे जुन्या कवायतीच्या पुस्तकांत लिहिलेले आहे, त्यासाठी नवी बंदूक कशाला? पुस्तक काय करावे ते सांगते. न केल्यास किती बारांनी आणि कोणत्या हवेत बंदूक अडते, ते सांगत नाही. संग्रहालयातल्या बंदुकीवर तो प्रयोग कोणी करू देणार नाही आणि देऊही नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नवे पोलाद वेगळे, पुष्कळ नकलांतला पीळही वेगळा. मूळ एन्फील्डच्या खाचा बुडाशी खोल आणि तोंडाशी उथळ होत जातात. स्वस्त नकलांत त्या सरसकट एकाच खोलीच्या असतात. तेव्हा अशा बंदुकीचा नेम पाहून मूळ बंदुकीच्या पल्ल्याविषयी बोलणे धाडसाचे, हे मला मान्य आहे. पण दारूचे रसायन बदललेले नाही. काजळीपुरती नकलेची साक्ष ग्राह्य धरायला हरकत नसावी.

फसवणुकीचा आरोपही होतो. इटलीतल्या चाचणीगृहाचे शिक्के घासून काढायचे, आम्लाने गंज चढवायचा आणि बंदूक अस्सल म्हणून विकायची, हे प्रकार घडतात. दोष तिथे विकणाऱ्याचा. अस्सल आणि नक्कल ही सीमा तशीही वाटते तितकी ठाम नाही: खुद्द कोल्ट कंपनीने 1971 मध्ये आपले 1851 चे रिव्हॉल्व्हर पुन्हा काढले, तेही इटलीहून आणलेल्या सुट्या भागांवर काम करून. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अस्सल आणि प्रतिकृती असे वेगळे गटच असतात. ही सोय मला शहाणपणाची वाटते. युद्धाचा तमाशा होतो, या तक्रारीत मात्र तथ्य आहे. 1961 मध्ये अमेरिकी यादवी युद्धातली बुल रनची लढाई मैदानावर पुन्हा लढवली गेली, तिच्यावर सडकून टीका झाली. गुलामगिरीचा प्रश्न बाजूला ठेवून नुसता धूर उडवला तर इतिहास हलकाच होतो. पण तो दोष तमाशाचा. घरी बसून नळी धुणाऱ्याला तो लावता येत नाही.

आपल्याकडे या नकलांना बाजार नाही, कारण ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. पण कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती बंदूक अजून वापरात आहे, म्हणजे नकलेची गरज पडावी इतकी ती इथे जुनी झालेलीच नाही. निगेचा प्रश्न आपल्या इतिहासातही येतो. मराठी फौजांच्या मोहिमा दसऱ्यानंतर निघत, याची कारणे नद्यांचे पूर, चारा आणि पेरणी अशी दिली जातात. तोड्याच्या बंदुकीत रंजक उघड्या कानावर असते. पावसाळी हवेत ती किती वेळ कोरडी राहते आणि न धुतलेली नळी किती दिवस तग धरते, याचा हिशेब त्या कारणांत क्वचितच दिसतो. मराठ्यांच्या तोफा-बंदुकांवर लिहिणाऱ्याने दफ्तराबरोबर सावंतवाडी-कुडाळकडच्या एखाद्या परवानाधारकालाही हे विचारून पाहावे. श्रावणात बंदुकीची निगा कशी ठेवायची, हे त्याला ठाऊक असणार.