चिरकारी पूयजनक मध्यकर्णशोथ

चिरकारी पूयजनक मध्यकर्णशोथ हा मध्यकर्णाचा दीर्घकाळ टिकणारा जंतुसंसर्ग आहे. यात कानाच्या पडद्याला छिद्र पडलेले असते व त्यातून सतत किंवा वारंवार स्राव येतो. बोलीभाषेत यास 'कान फुटणे' किंवा 'कान वाहणे' म्हणतात. बहुधा बालपणातील तीव्र मध्यकर्णशोथाचे पर्यवसान या विकारात होते. सामान्यतः वेदना नसल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होते. मात्र ऐकू कमी येऊ लागते.

प्रकार

पडद्याच्या मध्यभागी छिद्र असलेला प्रकार तुलनेने सुरक्षित मानला जातो. पडद्याच्या वरच्या किंवा मागच्या भागात त्वचेच्या पेशींचा संचय (कोलेस्टिॲटोमा) झाल्यास तो आसपासचे हाड झिजवतो. हा प्रकार असुरक्षित असून त्यावर शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून उपचारांपूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक असते.

शस्त्रक्रियेविना उपचार

सुरक्षित प्रकारात कान कोरडा करणे हे उपचारांचे मुख्य उद्दिष्ट असते.

कानाची स्वच्छता : स्वच्छ, शोषक कापूस किंवा कापडाची वात करून ती कानाच्या तोंडाशी अलगद धरतात. ओली झालेली वात बदलून, ती कोरडी निघेपर्यंत ही कृती दिवसातून अनेकदा करतात. पू साचलेला असल्यास औषध आतपर्यंत पोहोचत नाही.

औषधी थेंब : सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या क्विनोलोन गटातील थेंबांचा उपयोग पोटात घेण्याच्या प्रतिजैविकांपेक्षा सामान्यतः अधिक होतो. थेंब घातल्यावर कानाच्या भोकापुढील लहान उंचवटा काही वेळा दाबल्यास औषध आत उतरते. जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी औषधे अंतर्कर्णास अपायकारक ठरू शकतात. त्यामुळे जुने उरलेले थेंब वापरू नयेत.

पाण्यापासून संरक्षण : स्नानाच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात बसवतात व नंतर काढून टाकतात. पोहणे टाळावे लागते.

गैरसमज

महाराष्ट्रात तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल घालण्याची चाल अनेक घरांत आढळते. कान दुखल्यास लसूण घालून तापवलेले तेलही वापरले जाते. पडद्याला छिद्र असल्यास तेल मध्यकर्णात शिरते व संसर्ग वाढू शकतो. काडी किंवा पिन घालून कान कोरणेही घातक असते.

मर्यादा व धोक्याची लक्षणे

कान कोरडा झाला तरी पडद्याचे छिद्र बुजेलच असे नाही. सर्दी झाल्यास किंवा पाणी गेल्यास स्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. शस्त्रक्रिया नको असल्यास किंवा शक्य नसल्यास, कोरड्या कानात श्रवणयंत्र वापरता येते.

कानामागे सूज, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, चक्कर, तीव्र डोकेदुखी, ताप किंवा मान ताठरणे ही धोक्याची लक्षणे आहेत. संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचल्यास मेंदूआवरणशोथ किंवा मेंदूतील गळू होऊन जीवितास धोका संभवतो. अशा वेळी रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे लागते.