शनिवार आणि मायबोली

भाषा एक असली म्हणजे माणसें एक झालीं, असा एक सोपा समज आहे. अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या इंग्रजास भाषेची अडचण मुळींच पडत नाहीं. तरीहि दुसरा इंग्रज भेटतांच त्यास विशेष बरें वाटतें. यांत यजमानाचा कांहीं अनादर आहे काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयास आम्हां मराठी वाचकांना फार दूर जाण्याचें कारण नाहीं. ठाण्याच्या बेने इस्रायल समाजाचा इतिहास नीट पाहिला तरी पुरे.

या समाजाची परंपरा अशी सांगते कीं, अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यास एक जहाज फुटलें आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या. या कथेस समकालीन लेखी आधार नाहीं. परंतु पुढें काय झालें तें स्पष्ट आहे. या लोकांनीं कोंकणांत तेल गाळण्याचा धंदा धरला, मराठी हीच त्यांची घरची भाषा झाली, आणि पेणकर, किहीमकर, दिवेकर, राजपूरकर अशीं गांवांवरून पडलेलीं आडनांवें त्यांनीं घेतलीं. हिब्रू भाषा विसरली गेली. राहिला तो शनिवार. त्या दिवशीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दावीद राहबी नांवाच्या यहुदी गृहस्थानें यांना ओळखलें तेंहि अशाच खुणांवरून, असें परंपरा सांगते. त्यानें स्त्रियांपुढें निरनिराळे मासे ठेवले, तेव्हां त्यांनीं बिनखवल्यांचे मासे निवडून बाजूस सारले. शास्त्र गेलें होतें, पण स्वयंपाकघर शाबूत होतें!

पुढें इंग्रजी अमलांत ही मंडळी पलटणींत व सरकारी कचेऱ्यांत नोकरीस लागून गांवोगांव पांगली. कंपनीच्या फौजेंतील सामुएल दिवेकर यांनीं 1796 सालीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. ठाण्यास आगगाडी 1853 सालीं आली आणि तेथील प्रार्थनामंदिर 1879 सालीं उभें राहिलें. ‘शार हाशामाइम’, म्हणजे स्वर्गाचें द्वार, हें त्याचें नांव. यहुदी धर्माचा जुना दंडक असा कीं, दहा प्रौढ पुरुष जमल्यावांचून सामुदायिक प्रार्थना होत नाहीं. कल्याण-डोंबिवलीकडे एखादेंच कुटुंब असेल तर त्यानें हे दहाजण आणावे कोठून? त्यास ठाण्याची वाट धरणें भागच. म्हणजे एकमेकांस शोधणें ही येथें केवळ हौस नव्हे. त्यावांचून त्यांचा धर्मच चालत नाहीं. आणि या जमलेल्या मंडळींनीं केलें काय? योसेफ यहेज्केल राजपूरकर यांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणल्या. अब्राहाम व योसेफ यांचीं आख्यानें मराठी कीर्तनांतून रंगूं लागलीं. आपल्या माणसांत बसून त्यांनीं मराठीचेंच घर वाढविलें.

1948 सालीं इस्रायल राष्ट्र जन्मास आलें. त्या सुमारास हा समाज वीसएक हजारांचा होता. त्यांतील पुष्कळ कुटुंबें पुढें तिकडे गेलीं. तेथें मोठा चमत्कार झाला. शनिवार सर्वांचाच सुटीचा दिवस. तेव्हां जी खूण कोंकणांत शतकानुशतकें पुरली ती तेथें निरुपयोगी ठरली. मग ही मंडळी एकमेकांस ओळखूं लागली ती मराठीवरून, आणि पोहे-नारळाच्या मलिद्यावरून. लोद, रामला, दिमोना येथें मराठी घरें झालीं. ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिकहि निघालें.

परंतु ही ओढ केवळ गोड आठवणींची नव्हती. 1962 च्या सुमारास तेथील धर्मपीठानें या लोकांच्या विवाहांबाबत त्यांच्या कुळाविषयीं शंका काढल्या. ज्यांच्या यहुदीपणाचा पुरावा कोंकणच्या शेजाऱ्यांनीं कधीं मागितला नाहीं, त्यांजकडे तो स्वधर्मीयांनीं मागावा, हें दुःख थोडें नव्हे. हे लोक एकटेदुकटे राहते तर निमूटपणें खालीं मान घालते. ते एकत्र होते म्हणून झगडले. आणि 1964 सालीं तेथील लोकसभेनें ते सर्वार्थानें यहुदीच आहेत असें ठरविलें.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, शेजाऱ्याजवळ जें नाहीं त्यावरूनच मनुष्य आपल्या माणसास ओळखतो. म्हणून स्थळ पालटलें कीं खूणहि पालटते. कोंकणांत जो यहुदी, तोच इस्रायलांत मराठी. यांत बेइमानी कोठें आहे? महाराष्ट्र सरकारनें 2016 सालीं यहुद्यांना अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली तें योग्यच झालें. परंतु सरकारी कागदानें दहा माणसें जमत नाहींत. ठाण्यांत मागें राहिलेलीं कुटुंबें शनिवारीं एकत्र जमतात, तेव्हां बहुसंख्य समाजानें ‘हे वेगळे कां बसतात?’ असें विचारण्यापेक्षां, उद्यां परमुलखांत आपण कोणत्या खुणेनें आपलीं माणसें शोधूं याचा विचार करावा. मग त्या दहाजणांची किंमत आपोआप कळेल.