नाळ कापणारे हात : विटाळ, भय आणि व्यवसाय

सास्तूर आणि आसपासच्या गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या दलित मुलींशी पुढच्या शिक्षणाविषयी बोलू लागलो की, नर्सिंगचा विषय हमखास निघतो. आणि तो निघाला की एक विचित्र शांतता पसरते. शिक्षिका व्हायला, तलाठी व्हायला, पोलीसात भरती व्हायला या मुली तयार असतात. पण बाळंतपणे करण्याचे काम म्हटले की त्या मान खाली घालतात. 'आमची आजी तेच करायची सर, आम्हीही तेच करायचं का?' हा प्रश्न मला एकीने नव्हे, अनेकींनी विचारला आहे. या प्रश्नात भीती आहे, लाज आहे आणि एक न्याय्य संतापही आहे. ती भित्री मुलगी आहे असे म्हणून हा प्रश्न उडवून लावता येत नाही. ही भीती व्यक्तीच्या मनात असली तरी तिची मुळे इतिहासात आहेत. म्हणून तिचा इतिहास तपासणे हेच तिच्यावरचे पहिले औषध होय, असे मला वाटते.

१

महाराष्ट्राच्या खेड्यात सुईणीचे काम बहुतांशी मांग, महार आणि इतर तथाकथित हलक्या मानलेल्या जातींतील स्त्रियांकडे होते. इंग्रजी अमदानीतील जातिवर्णनाच्या ग्रंथांतही मांग स्त्रिया सुईणपण करतात, अशी नोंद आढळते. हे काम त्यांच्याकडे का आले? त्यांच्या अंगी काही उपजत कौशल्य होते म्हणून नव्हे. बाळंतपणाचे रक्त, वार, नाळ हे सारे विटाळाचे मानले गेले. आणि विटाळ उचलण्यासाठी व्यवस्थेने माणसे आधीच नेमून ठेवली होती. मेलेले जनावर ज्यांनी ओढायचे, त्यांच्याच घरातील बाईने जन्मलेल्या बाळाची नाळ कापायची. मरण आणि जन्म ही दोन्ही टोके गावकुसाबाहेर सोपवून मधले सगळे आयुष्य गावाने स्वतःकडे ठेवले.

या रचनेतील विसंगती फार बोलकी आहे. ज्या बाईची सावली पाण्याच्या भांड्यावर पडू नये म्हणून गाव जपत होते, तिचाच हात पाटलाच्या वाड्यात जन्मलेल्या मुलाला पहिल्यांदा लागत होता. मूल कोरडे पुसून आईच्या कुशीत दिले की सुईण पुन्हा अस्पृश्य होई. पाचवीला सटवाईची पूजा झाली, बाळंतीण न्हाली, घर सारवून काढले की विटाळ फिटला. मात्र तो विटाळ ज्या हातांनी वाहून नेला त्या हातांना तो कायमचा चिकटला. मोबदल्यात पसाभर जोंधळे, शिळी भाकर, फार तर मुलगा झाला म्हणून एखादे लुगडे. मुलगी झाली तर तेही नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बारा बलुतेदारांच्या यादीत मांग आहे, महार आहे, चांभार आहे, न्हावी आहे, सुईण नाही. दलित पुरुषाचे श्रम किमान गावगाड्याच्या हिशेबात तरी होते. दलित स्त्रीचे हे कौशल्य हिशेबातही नव्हते. ते धर्माने हलके ठरवले आणि व्यवहाराने फुकटात घेतले. ज्या कामाची नोंदच नाही, त्याचा इतिहास कोण लिहिणार? आपल्या आज्या-पणज्यांनी किती बाळे या जगात आणली याचा कुठलाही कागद नाही.

२

या मौनाला पहिला छेद दिला तो एका मांग मुलीने. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. त्यात तिने धर्माला आणि राज्याला जाब विचारला आहे, हे आपण वारंवार सांगतो. पण त्याच निबंधात ती आपल्या स्त्रियांच्या बाळंतपणाविषयीही लिहिते, हे फारसे सांगितले जात नाही. डोक्यावर छप्पर नसताना, थंडीवाऱ्यात आणि पावसात बाळंत होणाऱ्या मांग-महार बायांचे हाल ती वाचकांपुढे ठेवते. हा मुद्दा मोलाचा आहे. कारण गावाची बाळंतपणे करणारी बाई आपल्या स्वतःच्या बाळंतपणाला निराधार होती. पुढे बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनातही महारवाड्यातील कोवळ्या पोरींची बाळंतपणे, त्या वेळची उपासमार आणि अज्ञानातून होणारे मृत्यू यांचे अंगावर काटा आणणारे चित्र आहे. दोघींच्या लेखनात सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. दुःख मात्र तेच आहे.

१८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, असे आवाहन केले. त्या बहुतेक ब्राह्मण विधवा होत्या. जिला स्वतःच्या जातीने मरणाच्या दारात लोटले तिची सुटका एका शूद्र मानलेल्या स्त्रीने केली, आणि तेही पसाभर धान्यासाठी किंवा रूढीच्या सक्तीने नव्हे, तर विचारपूर्वक. बाळंतपणाला साहाय्य करणे हे येथे प्रथमच विटाळाचे काम न राहता मुक्तीचे काम झाले. आपल्या मुलींना पूर्वज हवा असेल तर तो येथे आहे.

याच शतकात, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. त्यांच्या जिद्दीविषयी आदरच आहे. पण प्रबंधातले प्रसूतिशास्त्र संस्कृत ग्रंथांत शोधले जात असताना, त्या काळी प्रत्यक्षात हजारो खेड्यांत ते ज्यांच्या हातांत होते, त्या स्त्रियांचे ज्ञान कोणत्याही प्रबंधाचा विषय झाले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

३

इंग्रज सरकारचे लक्ष सुईणीकडे गेले ते दोषारोप करण्यासाठी. १८८५ साली डफरिन फंड निघाला, १९०३ साली दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल शिष्यवृत्ती निधी निघाला. त्यांतून काही चांगली कामे झाली. पण माता आणि अर्भके का मरतात, याचे उत्तर बहुधा एकच दिले गेले : घाणेरडी, अडाणी दाई. सवर्ण सुधारकांनीही तीच री ओढली.

यातील सत्य नाकारण्याचे कारण नाही. विळ्याने नाळ कापणे, तीवर राख किंवा शेण लावणे यामुळे नवजात बालकांना धनुर्वात होई. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. परंतु घाण ही हाताच्या जातीत नसते, न धुतलेल्या हातात असते. युरोपचेच उदाहरण घ्या. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला दिसून आले की, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतिणी जास्त मरतात आणि सुईणींच्या विभागात त्या मानाने कमी. कारण विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासत. क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. मोठमोठ्या प्राध्यापकांनी मात्र त्याचीच टिंगल केली, कारण सभ्य गृहस्थाचे हात अस्वच्छ असू शकतात हेच त्यांना मान्य नव्हते. सभ्य गृहस्थाचे हात उपजत शुद्ध आणि दलित सुईणीचे उपजत अशुद्ध, या दोन्ही समजुती एकाच अंधश्रद्धेच्या दोन बाजू आहेत. विज्ञानाने त्या दोन्ही मोडीत काढल्या आहेत.

४

मग आपण हे काम सोडावे की करावे? या प्रश्नावर आपल्या चळवळीचा अनुभव लक्षात घ्यावा लागेल. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. वतनाच्या तुकड्यासाठी गावाची गुलामी किती दिवस करायची, हा वतनदारांपुढचा प्रश्न होता. लादलेली कामे टाकून देण्यातूनच आपल्याकडे स्वाभिमान उभा राहिला. उत्तर प्रदेशात १९५० च्या दशकात 'नारा-मवेशी' आंदोलन झाले. 'नारा' म्हणजे नाळ, 'मवेशी' म्हणजे जनावर. नाळ कापणार नाही, मेलेले ढोर ओढणार नाही, असे तेथील दलितांनी जाहीर केले आणि त्यासाठी मारहाण, बहिष्कार सोसला.

हा नकार योग्यच होता. पण तो कशाला होता? बाळ जन्माला घालण्याला नव्हता. जन्माने लादलेल्या, मोबदला नसलेल्या आणि नाकारता न येणाऱ्या कामाला तो होता. ज्या बाबासाहेबांनी वतनाला विरोध केला, त्यांनीच १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा लाभ देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाचा प्रश्न हा राष्ट्राच्या हिताचा आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. नकार आणि स्वीकार यांत विरोध नाही. ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याच 'हो' ला किंमत असते.

अमेरिकेतील काळ्या सुईणींची कहाणीही आपल्यासारखीच आहे. दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरीच्या काळापासून त्यांनी काळ्या आणि गोऱ्या अशा दोन्ही घरांतील बाळंतपणे केली. पुढे त्यांनाच अस्वच्छ आणि अडाणी ठरवून परवान्याच्या नियमांनी दूर सारले गेले. अलाबामात १९७६ साली त्यांचे काम कायद्याने बंद करण्यात आले. पण त्याच भूमीत मॉड कॅलन ही काळी परिचारिका-सुईण शिक्षण घेऊन उभी राहिली, साउथ कॅरोलिनात तिने इतर दायांना शिकवले. १९५१ साली 'लाइफ' नियतकालिकाने तिच्या कामावर छायाचित्रलेख छापला. आजीचे काम तिने टाकले नाही. आजीला नाकारलेले शिक्षण आणि मान मात्र मिळवला.

५

आपल्याकडे १९७७ पासून ग्रामीण आरोग्य योजनेत हजार लोकसंख्येमागे एका दाईला प्रशिक्षण देण्याचे धोरण आले. महिनाभराचे शिक्षण, एक पेटी आणि स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ ही पंचसूत्री. मराठवाड्याला लागून असलेल्या जामखेड येथे १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पाने तर खेड्यातील बाईलाच आरोग्यसेविका केले. त्यांतील कित्येक स्त्रिया दलित आणि निरक्षर होत्या. उंबऱ्याबाहेर उभे केले जाणाऱ्या बायांना हळूहळू घरात बोलावले गेले. भय जाते कसे, हे या प्रकल्पाने दाखवले. व्याख्यानाने ते जात नाही. दर आठवड्याला एकत्र बसून, आपले अनुभव एकमेकींना सांगत, थोडे थोडे शिकत ते जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूर, किल्लारी आणि परिसरातील गावे दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे मेली. त्या ढिगाऱ्यानंतर सास्तूरला जे नवे उभे राहिले त्यात स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, 'आशा' आल्या. आज चित्र पालटले आहे. १९९२-९३ च्या पाहणीत देशातील साधारण चारांपैकी एकच बाळंतपण दवाखान्यात होत होते. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात हे प्रमाण ९४.७ टक्के आहे. २०१८-२० मध्ये राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. हे यश मोठे आहे. पण त्यात म्हातारी सुईण कोठे गेली? 'आशा' होण्यासाठी शालेय शिक्षणाची अट होती, ती तिच्याजवळ नव्हते. तिला निवृत्तिवेतन नाही, प्रमाणपत्र नाही, निरोपाचे दोन शब्दही नाहीत.

६

आता पुन्हा त्या मुलींच्या भीतीकडे येऊ. ती तीन प्रकारची आहे. पहिली, विटाळाची लाज. तिचा इतिहास वर मांडला आहे. ती लाज आपली नव्हे, ती व्यवस्थेची आहे.

दुसरी भीती मृत्यूची आणि दोषाची : बाई माझ्या हातात गेली तर? ही भीती खरी आहे, आणि ती थोडी शिल्लक राहिलेलीच बरी, कारण ती माणसाला सावध ठेवते. पण तिच्यावर शिक्षणाने ताबा मिळवता येतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे एक मोठे कारण. मूल बाहेर येताच मिनिटभरात ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन, वार नीट आली की नाही हे पाहणे, गर्भाशय घट्ट होते आहे का हे हाताने तपासणे, या शिकता येण्याजोग्या गोष्टी आहेत. कळांची प्रगती तक्त्यावर नोंदवत गेले की, कोणत्या क्षणी थांबायचे आणि कोणत्या क्षणी पुढच्या रुग्णालयात पाठवायचे हे रेषेवर दिसते. आजीला दैवावर हवाला ठेवावा लागे. नातीच्या हातात तक्ता आहे आणि दारात रुग्णवाहिका मागवण्याचा हक्क आहे.

तिसरी भीती पैशाची आणि परक्या शहराची : फी, वसतिगृह, इंग्रजी पुस्तके. येथे केवळ धीर देऊन भागणार नाही. ए.एन.एम.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो, जी.एन.एम. तीन वर्षांचा आहे. नोंदणीकृत परिचारिकांना सुईणशास्त्रात तज्ज्ञ करण्याचे १८ महिन्यांचे प्रशिक्षण केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आले आहे. या वाटा आहेत, पण शिष्यवृत्ती वेळेवर न मिळाल्यास त्या बंद होतात. कंत्राटी नेमणुका आणि 'आशां'ना पगाराऐवजी कामागणिक मोबदला, ही बलुत्याचीच नवी आवृत्ती नाही काय? स्त्रीचे श्रम सेवा म्हणून गौरवायचे आणि दाम देताना हात आखडायचा, ही जुनीच रीत आहे. म्हणून या व्यवसायात जाणाऱ्या मुलींनी संघटनेचे भान घेऊनच जावे.

कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे एवढेच. आपापल्या गावातील हयात सुईणींकडे वही घेऊन जा. त्यांनी काय पाहिले, काय शिकल्या, कोणी पैसे बुडवले, कोणती बाळे वाचली, हे लिहून घ्या. ज्या श्रमांची नोंद गावगाड्याने केली नाही, ती आपण केली पाहिजे. आणि ती वही नर्सिंगला निघालेल्या मुलीच्या हातात द्या. आजीने जे सक्तीने केले ते ही मुलगी शिकून, पगार घेऊन, मान ताठ ठेवून करील. आणि वाटेल तेव्हा सोडूनही देऊ शकेल. काम तेच असले तरी ते करणारी बाई आता गावाची मिंधी नाही.