संहितेचा कर्ता कोण? : ‘साहाय्यित संवाद’ आणि प्रसारमाध्यमे

संहितेवरील नाममुद्रा आणि तिचा खरा कर्ता यांत अंतर असू शकते, ही जाणीव मराठी संशोधनाला नवी नाही. संतांच्या गाथांतील प्रक्षेप निवडताना अभ्यासकांनी हस्तलिखिते ताडून पाहिली, भाषिक रूपे तपासली; केवळ अखेरीस नाव आले म्हणून अभंग त्या संताचा मानला नाही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकी प्रसारमाध्यमांसमोर हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहिला. येथे संहिता न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांच्या नावावर होत्या, आणि कर्तृत्वनिश्चितीतील चुकीची किंमत जिवंत माणसांना मोजावी लागणार होती.

‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ अर्थात साहाय्यित संवाद ही पद्धती रोझमेरी क्रॉसली यांनी १९७० च्या दशकात मेलबर्न येथे, प्रथम सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी वापरली. साहाय्यकाने मुलाचा हात, मनगट वा कोपर धरावयाचे आणि मुलाने एकेक अक्षर दाखवावयाचे, असे तिचे स्वरूप होते. सिरॅक्यूज विद्यापीठातील डग्लस बिक्लेन यांनी ती अमेरिकेत नेली. १९९० मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा रोख असा होता की, या मुलांची अडचण आकलनाची नसून ते व्यक्त करणाऱ्या हालचालींची आहे. जानेवारी १९९२ मध्ये एबीसी वाहिनीच्या ‘प्राइमटाइम लाइव्ह’ कार्यक्रमात डायन सॉयर यांनी ही पद्धती कोट्यवधी प्रेक्षकांपुढे आणली.

या वृत्तांकनाचे कथनरूप लक्षात घेण्याजोगे आहे. मौनाचा तुरुंग, त्यात अडकलेला बुद्धिमान जीव, कुलूप उघडणारा साहाय्यक आणि मुक्त झालेली वाणी, अशी ही मुक्तिकथा. मुक्याला वाचा फुटणे हा चमत्कार भक्तिपरंपरांना परिचित आहे. दूरचित्रवाणीने त्याला विज्ञानाचा पेहराव चढविला. अशा कथेत पुरावा मागणाऱ्यासाठी एकच भूमिका शिल्लक राहते : अश्रद्धाची. परिणामी ‘मूल काय म्हणाले?’ हा प्रश्न विचारला गेला. ‘हे कोण म्हणाले?’ हा त्याच्या आधीचा प्रश्न मागे पडला.

तो विचारण्याची निकड न्यायालयांमुळे निर्माण झाली. टंकलिखित मजकुरातून आई-वडिलांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप उमटू लागले. काही मुलांना घरातून हलविण्यात आले. मेन राज्यातील अशाच एका प्रकरणात बोस्टनचे वाणीतज्ज्ञ हॉवर्ड शेन यांनी चाचणी घेतली. मुलीला किल्ली दाखविली, साहाय्यिकेला कप. फलकावर उमटला तो कप. न्यूयॉर्क राज्यातील ओ. डी. हेक केंद्रातील १२ व्यक्ती आणि ९ साहाय्यक यांच्या अभ्यासातही, दोघांना वेगळी चित्रे दाखविली असता मुलाने पाहिलेल्या चित्राचे नाव एकदाही आले नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये पीबीएसच्या ‘फ्रंटलाइन’ने ‘प्रिझनर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटात हे सारे दाखविले. १९९४ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने पद्धतीला वैज्ञानिक आधार नसल्याचा ठराव केला.

यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. प्लँचेटवरील वाटी बोटांखाली सरकते तेव्हा ती आपणच सरकवीत आहोत, हे बसलेल्यांना कळत नाही. साहाय्यकांचेही तसेच झाले. मेनमधील त्या साहाय्यिका, जॅनिस बॉइंटन, यांनी २०१२ मध्ये आपला अनुभव स्वतःच लिहून प्रसिद्ध केला आणि पुढे त्या पद्धतीच्या टीकाकार बनल्या.

परंतु खंडनाने कथा संपली नाही. २००३ मध्ये सीबीएसने भारतातून अमेरिकेत गेलेल्या सोमा मुखोपाध्याय यांच्या ‘रॅपिड प्रॉम्प्टिंग मेथड’ला प्रसिद्धी दिली. तीत हात धरला जात नाही, मात्र फलक साहाय्यकाच्या हाती असतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील वाक्-भाषा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने दोन्ही पद्धती वापरू नयेत असे सांगितले. ‘ऑटिझम इज अ वर्ल्ड’ या २००४ च्या लघुमाहितीपटाला ऑस्कर नामांकन मिळाले. २००९ मध्ये एका बेल्जियन रुग्णाच्या ‘बोलण्या’ची वार्ता जगभर पसरली, पुढील वर्षी झालेल्या चाचणीत ते शब्द त्याचे नव्हते असे आढळले. चमत्काराच्या कथेला नायक असतो, चाचणीच्या निष्कर्षाला नसतो. खंडन प्रेक्षकाला पुन्हा मौनापाशी आणून सोडते, आणि मौनाला कथनमूल्य नाही.

या प्रवासातील सर्वांत बोलके वळण २०२४ च्या ‘द टेलिपथी टेप्स’ या ध्वनिमालिकेत दिसते. साहाय्यकाने जे पाहिले तेच फलकावर उमटते, हे १९९३ मध्ये पद्धतीविरुद्धचे प्रमाण होते. आता तेच मुलांच्या परचित्तज्ञानाचे प्रमाण म्हणून मांडले गेले. तथ्य बदलले नाही. त्याचा अर्थ लावणारी कथा तेवढी बदलली.

रोलाँ बार्थ यांच्या ‘कर्त्याच्या मृत्यू’नंतर कर्तृत्वाची चौकशी जुनाट मानण्याची प्रथा समीक्षेत रुजली. प्रस्तुत इतिहास त्या प्रथेची मर्यादा दाखवितो. कोणताही हात न धरता, यंत्राच्या वा चित्रफलकाच्या साह्याने स्वतः संवाद साधणाऱ्या स्वमग्न व्यक्ती आहेत. त्यांच्या शब्दांचे स्वामित्व वादातीत आहे. ज्यांना असे साधन मिळाले नाही त्यांच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घातल्याने त्यांचे मौन दूर होत नाही, ते केवळ ऐकू येईनासे होते. कर्ता कोण, हे विचारणे येथे अविश्वासाचे लक्षण नसून त्या व्यक्तीविषयीच्या आदराची पहिली अट आहे.